स्टार्ट लाइनवर हुद्दा कशाला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

थंडीची चाहूल लागली की पुण्या-मुंबईत दौडींचा हंगाम सुरू होतो. डिसेंबरात पुण्याची मॅरेथॉन, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची, आणि त्यांच्या आगेमागे आयटी पार्कांच्या रस्त्यांवर कंपन्यांच्या पाच-दहा किलोमीटरच्या शर्यती. ऑफिसातल्या मंडळींबरोबर अशाच एका शर्यतीत मी नुकताच पाच किलोमीटर धावलो. धावलो असे म्हणायचे, पण पहिला दीड किलोमीटर समोरच्यांच्या पाठी वाचण्यात गेला. टी-शर्टांच्या मागे कंपन्या काय काय छापतात, याचा अभ्यास मात्र चांगला झाला. व्यवस्थेला नावे ठेवण्यासाठी हे पत्र नाही. पाणी होते, रुग्णवाहिका होती, शेवटी केळी आणि पोहेही होते. तक्रार आहे ती आपण ऑफिसची उतरंड जशीच्या तशी रस्त्यावर आणून मांडतो त्याबद्दल.

सुरुवातीच्या रेषेपाशी कोण कुठे उभे असते ते पाहा. झेंडा दाखवायला आलेल्या पाहुण्यांसमोर, अगदी पहिल्या रांगेत, कंपनीचा बॅनर धरलेले व्हाइस प्रेसिडेंट आणि डायरेक्टर. त्यांच्यामागे मॅनेजर. त्यांच्यामागे एचआरने हजेरी घेऊन उभे केलेले बाकीचे सगळे. (सहभाग ऐच्छिक असतो. तसा ईमेल येतो आणि सोबत टीमनिहाय कोणी नाव दिले, कोणी दिले नाही याचा तक्ताही येतो.) दहा-बारा फुटांचा बॅनर चौघांनी धरून धावता येत नाही, त्यामुळे ती रांग चालते. झुंबा आटोपतो, उलटी मोजणी होते, झेंडा हलतो आणि सगळ्यांत सावकाश माणसे सगळ्यांत पुढे, अशा क्रमाने चार-चार हजार लोक एकदम सुटतात. पन्नास पावलांवर पहिली सेल्फी निघते. आमच्या साहेबांबद्दल मला आदर आहे, अप्रेझलही तोंडावर आहे, तरीही हे लिहायला हवे.

साधा हिशेब करू. दोन पदरी रस्ता सुमारे सात मीटर रुंद. हात मोकळे ठेवून धावायचे तर माणशी मीटरभर जागा लागते, म्हणजे एका ओळीत सात जण. दर सेकंदाला एक ओळ रेषा ओलांडत गेली तर मिनिटाला ४२० माणसे पुढे जातात आणि चार हजारांना साडेनऊ मिनिटे लागतात. चार मिनिटांना किलोमीटर काढणारा गडी तेवढ्या वेळात पाच किलोमीटरच्या शर्यतीचे जवळजवळ अर्धे अंतर कापतो. हे सगळे पुढचे लोक खरोखर धावत असतील तर! पहिली रांग चालणाऱ्यांची असली की हा हिशेबही उरत नाही. मागचा माणूस फट शोधतो, दुभाजकावर चढतो, फुटपाथवरून पळतो, डावीकडून एकदम उजवीकडे घुसतो. पाण्याच्या पहिल्या टेबलापाशी सगळे तुटून पडतात आणि चिरडलेल्या कागदी पेल्यांवरून पाय घसरतात. यू-टर्नला तर रस्ता निम्मा होतो. आमच्यातल्या एकीच्या बुटाच्या टाचेवर मागून कोणाचा तरी पाय पडला आणि ती रस्त्यावर आडवी झाली. गुडघे फुटले, थोडक्यात निभावले. बिबवरच्या, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदावरच्या, चिपमुळे रेषा ओलांडल्यापासूनची स्वतःची वेळ मिळते हे खरे, पण चिप रस्त्यावर जागा करून देत नाही.

यावर उपाय जुना आहे. कंपन्यांच्या संघांसाठीची न्यूयॉर्कची कॉर्पोरेट चॅलेंज १९७७ साली सुरू झाली. सेंट्रल पार्कमध्ये ५.६ किलोमीटरचे अंतर असते. याच मालिकेतल्या फ्रँकफर्टच्या शर्यतीत ७० हजारांहून जास्त माणसे उतरलेली आहेत. एवढा लोंढा एका दमात सोडायचा नसतो. वेगाप्रमाणे गट पाडायचे आणि काही मिनिटांच्या अंतराने एकेक लाट सोडायची, धावणारे आधी आणि चालणारे शेवटी. मुंबई मॅरेथॉनमध्ये २१ किंवा ४२ किलोमीटर धावलेल्यांना कॉरल, म्हणजे वेगाप्रमाणे उभे राहण्याचा आखलेला कप्पा, काय असतो हे सांगायला नको. तिथेच कंपन्यांचे बॅनर, वेशभूषा, ढोल-ताशे यांच्यासाठी ड्रीम रन आहे. ती जेमतेम सहा किलोमीटरची, तिथे वेळ मोजत नाहीत आणि कोणाला घाई नसते. ती जत्रा आहे आणि तशीच असावी. गोंधळ होतो तो वेळ मोजणारी शर्यत आणि जत्रा एकाच रस्त्यावर, एकाच मिनिटाला सोडल्या की.

म्हणून नोंदणीच्या अर्जात टी-शर्टच्या मापाशेजारी आणखी एक रकाना असावा: पाच किलोमीटरला तुम्हाला किती वेळ लागतो? अर्धा तास, पाऊण तास की चालणार? त्यावरून बिबचा रंग ठरवा आणि रंगाप्रमाणे उभे करा. साहेबांना बॅनरसह फोटो हवा असेल तर तो शर्यतीआधी काढा, मुख्य म्हणजे रेषेच्या अलीकडे.

उतरंडीचा विषय निघाला आहे तर आणखी एक गोष्ट. आमच्या इमारतीच्या गेटवर माण तालुक्यातला एक तरुण रखवालदार आहे, ऑलिंपिक धावपटू ललिता बाबर यांच्या मुलखातला. पोलीस भरतीची तयारी करतो. भरतीच्या मैदानी परीक्षेत ५० पैकी २० गुण एकट्या १६०० मीटरच्या धावण्याला आहेत, त्यामुळे ड्युटी संपली की तो मागच्या रस्त्यावर फेऱ्या मारत असतो. आमच्या ऑफिसात त्याच्याइतके जोरात धावणारा दुसरा कोणी नसावा. शर्यतीच्या दिवशी तो पार्किंगमध्ये शिट्टी वाजवत गाड्या लावत होता. “साहेब, आमचं नाव घेत्यात का ह्यात?” असे त्याने मला आदल्या आठवड्यात विचारले होते. एचआरकडे चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले की तो कंपनीचा नाही, एजन्सीचा माणूस आहे. कॅन्टीनवाले, हाउसकीपिंगच्या मावश्या, कॅबचे चालक, सगळ्यांना हेच उत्तर. टी-शर्टवर मात्र ‘आपण सारे एक’ अशा अर्थाची ओळ होती. कंपनी शे-दोनशे जणांची फी एकरकमी भरते, त्यांतले कित्येक जण त्या रविवारी उठतही नाहीत आणि त्यांचे बिब पाकिटातच राहतात. त्यांतले दहा-वीस या माणसांना देण्यात अडचण विम्याची असेल, तर एक दिवसाचा अपघात विमा उतरवणे काही अवघड नाही.

पुढच्या वेळी त्या मुलाची फी मी माझ्या खिशातून भरणार आहे. आमच्या संघाच्या यादीत त्याचे नाव घेतात की नाही, ते आपल्याला कळवीनच.

आपला,
एक नोकरदार धावक
वाकड, पुणे