मेटलकोर म्हणजे नुसता आरडाओरडा नाही हो

संपादक साहेब, स.न.वि.वि.

परवाच्या पुरवणीत हेवी म्युझिकवर जे आलंय त्यात सगळे बँड एकाच माळेचे मणी करून टाकलेत. मेटलकोर म्हणजे मेटल आणि हार्डकोर पंक यांचं मिश्रण, त्यातल्या किलस्विच एंगेज या बँडचा २००२ चा 'अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग' एकदा नीट हेडफोन लावून ऐका ना. बँड अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा, तिथला हार्डकोर, म्हणजे पंकचा वेगवान, आक्रमक प्रकार, अंगात मुरलेला, पण गिटार ऐकाल तर थेट स्वीडनच्या गोथेनबर्गचं मेलोडिक डेथ मेटल, म्हणजे जड पण चालीदार मेटल, दोन गिटार एकच चाल वेगवेगळ्या सुरांत घेऊन सुसाट पळतात आणि मधेच ब्रेकडाउन, लय निम्म्यावर, सगळे मिळून एकाच जड ठोक्यावर, मान आपोआप हलायला लागते. गायक जेसी लीच कडव्यात घसा फोडतो आणि कोरसला चक्क सुरात गातो! ड्रम्स अ‍ॅडम डटकिविझचे, प्रोड्युसरही तोच. पुढे बाकीच्यांनी हा फॉर्म्युला घासून गुळगुळीत केला ते सोडा, पण त्यात या अल्बमचा काय दोष?

आमची आई सुद्धा म्हणते, ते मधलं गाणं बरंय रे, बाकीचं बंद कर.

आपला,
एक वाचक, डोंबिवली