बातमी आणि ‘टिप’ यांतला फरक

संपादक महोदय,
बीबीसी रेडिओ ४ वरील ‘टुडे’ या सकाळच्या बातम्यांच्या कार्यक्रमाविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. बातम्या, राजकारण आणि घोड्यांच्या शर्यती यांच्या मिश्रणाचे लेखकाने केलेले कौतुक मला निम्मेच पटले. १९५७ पासून चाललेल्या या कार्यक्रमात सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी होणाऱ्या मुलाखतीत मंत्र्यांना सडेतोड प्रश्न विचारले जातात, ही त्याची खरी जमेची बाजू. शर्यतीही ब्रिटनच्या जीवनाचा भाग आहेत. एप्सम डर्बी ही इंग्लंडमधील प्रसिद्ध घोड्यांची शर्यत १७८० पासून होते. तिची बातमी जरूर द्यावी.

पण या कार्यक्रमाच्या क्रीडावृत्तात वर्षानुवर्षे दिल्या गेलेल्या ‘टिप्स’, म्हणजे कोणता घोडा जिंकेल याचे अंदाज, ही बातमी नव्हे. मैदान, शर्यतीची वेळ आणि घोड्याचे नाव एवढेच निवेदक सांगत असे. ऐकणाऱ्याला उरे ते फक्त पैसे लावणे. बीबीसी टीव्ही पाहणाऱ्या घरांनी भरलेल्या परवाना शुल्कावर चालते, देशांतर्गत सेवेत जाहिराती घेत नाही. मग सट्टा घेणाऱ्या कंपन्यांना जी जागा पैसे मोजूनही मिळणार नाही, ती फुकट का दिली गेली? जुगारापायी घर बुडताना पाहिलेल्या श्रोत्याला त्या टिप्स किती टोचल्या असतील, याचा विचार लेखात कुठेच दिसला नाही.

– एक नियमित वाचक