रुखरुख मोजायची तर शब्द जपा

महोदय,

इंदुरातल्या कोचिंग वर्गांत मुलांची चिंता आणि चुकीच्या निवडीची रुखरुख यांचा संबंध पाहण्यासाठी मराठीत प्रश्नावल्या द्यायच्या असतील, तर सर्वात आधी भाषा तपासावी. ‘पश्चात्ताप’ म्हटले की पाप आठवते. शाखा चुकल्याची ती ‘रुखरुख’. आपल्याकडची मुले ‘पछतावा’ म्हणतील, तोही चालेल.

दुसरे, झाल्याची हळहळ आणि होण्याआधीची धास्ती एक नव्हे. रुखरुख मोजणारी 2002 ची पाच विधानांची प्रचलित मोजपट्टी (प्रत्येकी 1 ते 7 गुण) मुख्यतः निर्णयानंतरची हळहळ टिपते. धास्तीसाठी वेगळे विधान हवे: ‘फॉर्म भरण्याआधीच, चुकलं तर किती वाईट वाटेल हे मनात घोळतं.’

चिंतेसाठी पेन स्टेट प्रश्नावली (1990) वापरतात. 16 विधाने, प्रत्येकी 1 ते 5 गुण, बेरीज 16 ते 80. खरी गफलत इथेच होते. त्यातली पाच विधाने उलटी आहेत, म्हणजे त्यांना जास्त गुण दिले तर चिंता कमी. त्यांचे गुण 6 मधून वजा करायचे. ही वजाबाकी राहिली तर अगदी निश्चिंत मुलाचे 16 ऐवजी 36 होतात आणि कमालीच्या चिंतातुराचे 80 ऐवजी 60. उलट्या विधानांत ‘नाही असे नाही’ छाप भाषांतर असेल तर मुले भलत्याच रकान्यात खूण करतात.

धास्तीच्या विधानांत ‘काळजी’ हा शब्दही नको, नाहीतर दोन्ही मोजण्यांचा संबंध उगाच घट्ट दिसतो. आणि एकाच बैठकीत दोन्ही भरून घेतल्या तर आधी काय आले, धास्ती की चिंता, हे कळत नाही. महिन्याभराने पुन्हा मोजावे.

– एक वाचक, इंदूर