जीपीएस कोणाच्या हातात राहणार, ते आधी ठरवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळ्यात घाटमाथ्यावर गाडी भरकटल्याची बातमी आली की ‘मोबाइलमध्ये नकाशा असताना लोक चुकतातच कसे?’ असं कोणी ना कोणी विचारतंच. आम्ही जीपीएस हातात असून चुकलो, म्हणून हे पत्र.

कोल्हापुरात आमचा अकरा गाड्यांचा ऑफरोडिंग गट आहे. मी गाडी चालवत नाही. नवऱ्याच्या शेजारी बसून रस्ता सांगते आणि गटाची वर्गणी सांभाळते. गेल्या जुलैत गगनबावड्याच्या धुक्यात आम्ही एका उसन्या जीपीएसमध्ये मुक्कामाचं ठिकाण भरलं. फोनवर अक्षांश-रेखांश सांगितले होते 16 अंश 33 मिनिटं आणि 73 अंश 50 मिनिटं. भरणाऱ्याने 16.33 आणि 73.50 दाबलं. मिनिटं साठाच्या हिशेबाने चालतात, दशांश दहाच्या. खरे आकडे 16.55 आणि 73.83 व्हायला हवे होते. बाण खाली कोकणात, देवगडकडे वळला, चाळीसेक किलोमीटरवर. जुलैत तिथे हापूससुद्धा नसतो! दीड तास चिखलात उभं राहून सगळ्यांनी यंत्राला शिव्या घातल्या. यंत्र बिचारं बरोबर होतं.

मग अकरा घरांनी अडीच-अडीच हजार काढले आणि गटाचं स्वतःचं यंत्र घ्यायचं ठरलं. खरा वाद इथून सुरू झाला. चालवणाऱ्यांना डॅशबोर्डवर बसणारी मोठी टचस्क्रीन हवी होती. माझा प्रश्न एवढाच, कोणाच्या डॅशबोर्डवर? एकदा स्क्रू पिळून बसवलं की ते त्या गाडीचंच होतं. तालमीचा जनरेटर शेवटी कोणाच्या गोठ्यात जातो, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

एका मित्राचं टचस्क्रीनवालं यंत्र मी घरी आणलं आणि ओल्या बोटांनी मोरीत नळाखाली धरलं. पाण्याच्या थेंबांनीच नकाशा सरकायला लागला. गगनबावड्याच्या पावसात ते कोण पुसत बसणार? शेवटी आम्ही गार्मिनचं ईट्रेक्स 32एक्स घेतलं. स्क्रीन जेमतेम सव्वादोन इंचांची, पण बटणं आणि अंगठ्याने हलवायची छोटी दांडी आहे. दोन सेलवर कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे पंचवीस तास चालतं. सेल भिंतीवरच्या घड्याळाला लागतात तेच, वाडीवरच्या किराणा दुकानातही मिळणारे. चार्जिंगची वायर शोधत बसायला नको. मेमरी कार्डात ओपनस्ट्रीटमॅपचा फुकट नकाशा घातला. पाठीमागे चिकटपट्टीवर मार्करने ‘फक्त दशांश’ असं लिहून ठेवलंय.

मोबाइलवर माझा राग नाही. रेंज नसली तरी मोबाइलला उपग्रह सापडतात; आधी उतरवून ठेवला नसेल तर नकाशा तेवढा सापडत नाही. शिवाय मोबाइल मालकाबरोबर घरी जातो, आणि गेल्या खेपेला ओढा कुठून ओलांडला तो मागही त्याच्याबरोबर जातो. कड्याखाली मात्र दोन्ही सारखीच चुकतात. सिग्नल कातळावर आपटून येतो आणि चार-पाच मीटरची चूक कितीतरी वाढते. तिथे गाडीतून उतरून चालत बघून यावं लागतं.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहिते आहे ते. आमच्या गटात एकाचा भाचा अमेरिकेतून ‘याहून भारी’ यंत्र पाठवणार होता, संकटात बटण दाबलं की उपग्रहावरून निरोप जाणारं. साधा जीपीएस उपग्रहाचं फक्त ऐकतो. हे यंत्र उलट बोलतंही. असं बोलणारं यंत्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय आपल्याकडे बाळगता येत नाही. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर एक परदेशी प्रवासी यावरूनच अडकली होती. दिसायला दोन्ही जुळी भावंडं. गार्मिनच्याच जीपीएसमॅप 67 आणि 67आय यांच्या नावात फरक एका अक्षराचा, पण निरोप धाडतं ते दुसरं. आम्ही वेळेवर फोन केला म्हणून भाच्याची बॅग हलकी झाली.

दिवाळीला परदेशातून येणाऱ्यांकडे अशा वस्तू मागवल्या जातात. त्याआधी आपल्या पानावर याची एक ठळक चौकट छापावी, एवढीच विनंती.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर