टायमिंग कानाने लावू नकोस

रामबाग, इंदूर

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

पद्मिनी गाडी ओढत नाही म्हणालीस, म्हणून टायमिंग (म्हणजे प्लगला ठिणगी पडायची वेळ) बघायचा टायमिंग लाइट कुरिअरने बडोद्याला पाठवलाय. फोनवर सांगायला गेलो की आपलं भांडण होतं, तेव्हा लिहितोच.

आधी पॉइंट बघ, म्हणजे जे उघडले की ठिणगी पडते ते. डेल्कोला, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला, हात नंतर. पॉइंटची फायबरची टाच झिजली की गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग आपोआप मागे पडतं. तुझ्या गाडीचं दुखणं बहुतेक तेच. आधी टायमिंग लावून मग गॅप बदललीस तर सगळी मेहनत पाण्यात.

इंजिन गरम करून बंद कर. लाल-काळे चिमटे बॅटरीला, तिसरा चिमटा एक नंबरच्या प्लगच्या वायरवर, त्यावरचा बाण प्लगकडे. डेल्कोला व्हॅक्यूमची नळी असेल तर काढून तिचं तोंड बंद कर. पुलीवरच्या खुणेला खडू फास, नाहीतर त्या तेलकटात काही दिसायचं नाही.

आता इंजिन चालू कर. ते मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर एक नंबरला ठिणगी ४०० वेळा पडते, दोन फेऱ्यांत एकदा. तेवढ्याच वेळा लाइट लुकलुकतो आणि फिरती खूण थबकल्यासारखी दिसते. पंखाही तसाच थांबलेला दिसू शकतो. तो थांबलेला नसतो! ओढणी, वेणी, बोटं, लाइटची वायर, सगळं लांब. आई म्हणतेय, हे दोनदा लिहा. लिहिलं समज.

डेल्कोचा बोल्ट जेमतेम ढिला कर. आतला रोटर फिरतो त्याच्या उलट डेल्को फिरवलास की टायमिंग पुढे, म्हणजे ठिणगी लवकर, त्याच दिशेने फिरवलास की मागे. डेल्कोचा दांडा क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे इथली एक डिग्री तिकडे दोन होते. नखभरच हलव. टायमिंग किती हवं तो आकडा मॅन्युअलमधला घे, शेजारच्या काकांचा नको. बोल्ट आवळताना हटकून थोडं सरकतं, तेव्हा पुन्हा लाइट मारून बघ. मग रेस दे. खूण पुढे सरकायला हवी, नाही सरकली तर वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणारी डेल्कोतली वजनं अडकलीत.

कानाने का नको, ते माझ्याच फजितीवरून सांगतो. तू चार-पाच वर्षांची असशील. मी डेल्को फिरवत गेलो, इंजिन चढत गेलं, आवाज गोड होत गेला. गल्लीतला एकजण म्हणालासुद्धा, "भिया, मक्खन चल री है." आयडलिंगला टायमिंग जास्त पुढे असलं तरी इंजिन खूशच असतं, कारण सिलिंडरमध्ये तेव्हा मिश्रण थोडं आणि जळतंही सावकाश. चढावर तेच सिलिंडर गच्च भरतं, भराभर जळतं, आणि पिस्टन वर यायच्या आतच दाब त्याच्या डोक्यावर बसतो. ओंकारेश्वरहून परतताना सिमरोलच्या घाटात डब्यात चणे हलवावेत तसा आवाज यायला लागला. आजी म्हणाली, डिकीतली भांडी वाजतायत. मलाही ते पटवून घ्यायचं होतं. घरापर्यंत तशीच दामटली. हेड उघडलं तर एका पिस्टनचा काठ उंदराने कुरतडल्यासारखा, रिंग तुटलेली. त्या महिन्यात घरात कशाकशाला कात्री लागली ते आईला विचार.

तरी कान अगदीच बिनकामाचा नाही. दिवाळीला येशील तेव्हा दाहोद सोडल्यावर माछलियाचा घाट लागेल. तिथे गाणी बंद कर, काच खाली घे आणि वरच्या गिअरमध्ये जरा जोर देऊन बघ. चणे वाजले तर बाजूला घे, डेल्को अगदी किंचित मागे कर आणि सावकाश ये. लाइट गाडीतच असू दे, इथे आलीस की दोघं मिळून पुन्हा बघू.

तुझा,
बाबा