रिकाम्या गाभाऱ्याचं मुखदर्शन

बेंगळुरू,
रविवार, रात्री साडेदहा

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे सांगून होणार नाही. आईला अर्धं ऐकू येत नाही आणि न ऐकलेल्या अर्ध्यालाही ती 'हो, हो' म्हणते. बाबा, तुमचं तर 'हॅलो'च्या पाठोपाठ 'बरं, ठेवू का' येतं. म्हणून पत्र. बाबा, हे आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मध्ये थांबून स्वतःचं कीर्तन सुरू करायचं नाही. करणार तुम्ही, मला माहीत आहे.

आम्ही तिघं हंपीला जाऊन आलो. शुक्रवारी रात्री इथून हंपी एक्स्प्रेस धरली, सकाळी होसपेटला उतरलो, पुढचे १३ किलोमीटर रिक्षानं. निघताना मी जावईबापूंना बजावलं होतं की ही सहल आहे, यात्रा नाही. महाद्वारापासून हाकेच्या अंतरावर वाढलेल्या मुलीनं पैसे खर्चून, रजा काढून देऊळ बघायला जायचं, हे मलाच पटत नव्हतं. आपण पंढरपूरकर कधी दर्शनबारीत उभे राहतो का? 'जाऊ गं, गर्दी ओसरली की' म्हणत वर्ष काढतो.

आधी विरूपाक्षाला गेलो. तिथं देव आहे आणि तो नांदता आहे. १५६५ साली राक्षसतागडीच्या लढाईत विजयनगर हरलं, शहर लुटलं गेलं, जळालं. पण या एका देवळातली पूजा पुढंही चालत राहिली. नऊ मजल्यांचं गोपूर आहे, मान मोडते बघताना. आत रंगमंडपापाशी कृष्णदेवरायाचा शिलालेख आहे, १५१० मधला, राज्याभिषेकाच्या निमित्तानं कोरलेला. पण तुमच्या नातीला आवडलं ते वेगळंच. देवळाच्या मागच्या बाजूला एक अंधारी खोली आहे, तिच्या भिंतीला एक भोक आहे आणि त्यातून समोरच्या भिंतीवर त्या उंच गोपुराची सावली पडते, चक्क उलटी. कळस खाली, पाया वर. ती दहा मिनिटं खाली डोकं वर पाय करून बघत होती, म्हणजे तिच्यापुरतं गोपूर सुलट. बाबा, तुमच्या जुन्या डबा कॅमेऱ्याचं तंत्र हेच ना? लक्ष्मी हत्तीण नाणं घेऊन डोक्यावर सोंड ठेवते. ते आम्ही तीनदा करून घेतलं. प्रत्येक वेळी नवं नाणं द्यावं लागलं, उधारी नाही.

देवळातून बाहेर आले आणि सवयीनं दुकानं शोधायला लागले. सवयच ती. देवळाबाहेर पडलं की डाव्या हाताला कुंकू-बुक्का, उजव्या हाताला चुरमुरे-बत्तासे, समोर 'या ताई, माळ घ्या' म्हणणारं कुणीतरी. इथं समोर रुंद, सरळ रस्ता आहे आणि दोन्ही बाजूंना दगडी खांबांच्या ओवऱ्या, पार टोकाच्या नंदीपर्यंत. ओवऱ्या ओस पडलेल्या. रिक्षावाल्यानं सांगितलं की २०११ पर्यंत यांत माणसं राहत होती. घरं होती, हॉटेलं होती, दुकानं होती. जुलैमध्ये एका दिवसात सगळं पाडलं, मंडप मोकळे करायचे म्हणून. जुन्या वास्तूच्या दृष्टीनं त्यात काही चूक नाही असं म्हणणारेही आहेत आणि दगडांवर ठोकलेले खिळे, आत बांधलेल्या विटांच्या भिंती यांनी नुकसान होत होतं हे खरंच असेल. तरी मला तिथं उभं राहवेना. एका खांबावर कुणीतरी कधीकाळी निळा रंग दिला होता, त्याचा एक पोपडा शिल्लक होता. आपल्या दुकानाच्या फळ्यांना आहे ना, तसला निळा.

१५२० च्या सुमारास दोमिंगो पाएस नावाचा एक पोर्तुगीज इथं आला होता. त्यानं या शहरातल्या बाजाराचं वर्णन लिहून ठेवलंय. माणकं, हिरे, पाचू, मोती, कापडचोपड, जगात मिळतं ते सगळं. धान्याचा तर सुकाळ. बाबा, तुम्ही असतात तर विचारलं असतंत, 'आणि बुक्का?'

विठ्ठलाचं देऊळ तिथून लांब आहे. गाड्या अलीकडेच थांबतात, पुढं बॅटरीवरची छोटी गाडी नेते. आमची गाडी एक बाई चालवत होती, आणि काय सफाईनं! वाटेत पुन्हा तसाच जुना बाजार, जवळपास एक किलोमीटर लांब, दोन्हीकडं मोडके खांब आणि एक पुष्करणी.

आणि मग तो रथ. आई, गल्ल्यातली निळी ५० ची नोट काढ आणि उलटी कर. हाच तो. आपल्या हाताखालून रोज जातो आणि आपण सुट्टे मोजत बसतो. खरं तर तो रथ नाहीच, गरुडाचं देऊळ आहे, रथासारखं घडवलेलं, विठ्ठलाकडं तोंड करून. पुढं दोन हत्ती आहेत, पण ते मूळचे नव्हेत. त्यांच्या मागं वाकून बघितलं तर घोड्यांच्या शेपट्या आणि मागचे पाय अजून दगडात दिसतात. म्हणजे आधी घोडे होते, नंतर कुणीतरी हत्ती आणून बसवले. जावईबापू हे बघून इतके खूष झाले की पुढची वीस मिनिटं येणाऱ्या-जाणाऱ्याला ते घोडेच दाखवत होते. वर पूर्वी विटांचं शिखरही होतं. ग्रीनलॉ नावाच्या इंग्रजानं १८५६ मध्ये काढलेल्या फोटोत ते स्पष्ट दिसतं. पुढं ते राहिलं नाही. विठ्ठलाच्या देवळातून नेमकी वीटच गेली, आता काय बोलायचं.

सूर निघणारे खांब आहेत ते मोठ्या मंडपात. तिथं सोडत नाहीत, दोरी लावलीय. लोकांनी वाजवून वाजवून खांब झिजवले, त्यामुळे बंद. बरोबरच आहे. दोरीच्या अलीकडं उभं राहून आत बघितलं तर खांबांच्या रांगेपलीकडं अंधार. तो गाभारा. नातीनं विचारलं, 'आत कोण आहे?' मी म्हटलं, 'कुणी नाही.' 'मग देऊळ कुणाचं?' 'विठ्ठलाचं.' 'तो कुठं गेला?' माझ्या तोंडून निघून गेलं, 'आजीच्या गावाला.'

तिला ते इतकं सहज पटलं की तिनं पुढं काही विचारलंच नाही. मलाच मग बसावंसं वाटलं. समोरच्या मंडपाच्या पायरीवर टेकले आणि तिला बाबांची भानुदासांची गोष्ट सांगितली. पैठणचे, कापडाचा धंदा करणारे, एकनाथांचे पणजोबा. विजयनगरच्या राजानं आपला देव इथं आणून बसवला आणि पंढरी ओस पडली. वारकऱ्यांनी गळ घातली तेव्हा भानुदास चालत इथवर आले. देवानं आपल्या गळ्यातला हार त्यांच्या गळ्यात घातला, सकाळी तो हार चोरीचा ठरला, सुळावर द्यायला नेलं तर सुळाला पालवी फुटली. तुम्ही हे सांगताना सुळाला पालवी फुटते तिथं हाताची पाचही बोटं सावकाश उघडायचात. मी पण उघडली. शेजारी बसलेली एक कानडी आजी माझ्या हाताकडं बघून हसली. भाषा कळली नसेल, बोटं कळली.

इथं मूर्ती कधी बसलीच होती का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण १५१३ च्या शिलालेखात विठ्ठलदेवाला दिलेल्या दानांची नोंद आहे. कृष्णदेवरायाच्या राण्यांनी गोपुरं बांधली तीही त्याच सुमाराची. म्हणजे तो इथल्या लोकांचाही होताच. ज्ञानदेवांनी त्याला कानडा म्हटलंय, मग आपण काय भांडायचं? खाली तुंगभद्रेच्या काठाला कानडी संतकवी पुरंदरदासांचा मंडप आहे. त्यांच्या प्रत्येक पदाच्या शेवटी 'पुरंदर विठ्ठल' येतो. धरणातून पाणी सोडलं होतं, मंडप निम्मा बुडालेला, नुसते खांबांचे माथे आणि छत. आई, डिट्टो आपलं पुंडलिकाचं देऊळ. उजनीतून पाणी सोडलं की तू गच्चीवर जाऊन बघतेस ना, 'कळस दिसतोय अजून', तसंच. मी पण नकळत तेच म्हणाले.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

दोन वर्षं मी तुमच्या मागं लागलेय की दुकान आणि घर विकून इकडं या. गुडघे, जिना, आईचं ऐकणं, आषाढीची गर्दी, ओसरीवर पन्नास माणसांचं बिऱ्हाड, संडासापुढची रांग. सगळी कारणं मी तुम्हाला यादी करून पाठवली होती, आठवतं? तुम्ही त्याच यादीच्या पाठीमागं बुक्क्याचा हिशेब लिहिलात. मला तेव्हा राग आला होता.

लहानपणापासून मला त्या गर्दीचा कंटाळा होता. शाळेतून यायला वाट मिळायची नाही. एकादशीला अभ्यास व्हायचा नाही, कारण माझ्या खोलीत परभणीच्या नाहीतर बुलढाण्याच्या मावश्या झोपलेल्या असायच्या. परीक्षेच्या आदल्या रात्री कुणीतरी टाळ वाजवायचं. मला वाटायचं, देऊळ आहे ते ठीक, पण ही माणसं नसती तर किती छान, शांत दगडी देऊळ दिसलं असतं. तर ते मी परवा बघितलं. अगदी तसंच होतं, छान, शांत, दगडी. उदबत्तीचा वास नाही, कुणाच्या ओल्या लुगड्याचं पाणी ठिबकत नाही, कुणी कुणाला ढकलत नाही. आपल्याकडं मुखदर्शनालाही रांग असते आणि पदस्पर्शाला तर पत्राशेडपर्यंत माणसं. इथं पुढं एकही माणूस नव्हता. मी दोरीपाशी कितीही वेळ उभी राहू शकत होते, कुणी 'चला माउली, पुढं चला' म्हणालं नाही. पाच मिनिटांत माझे पाय मागं वळले.

परत येताना गाडीत झोप लागली नाही. त्या निळ्या पोपड्याचंच डोक्यात होतं. तिकडं देवळाभोवती पाडापाडी करून मोकळी वाट काढायच्या कॉरिडॉरचं पुन्हा बोलणं चाललंय म्हणालात, त्यात आपली गल्ली जाते की राहते ते तुमच्या-माझ्या हातात नाही. पण आपणहून फळ्या उतरवायचा विषय मी आता काढणार नाही. तो जो माणूस भाव विचारून गेला होता, तो परत आला तर चहा पाजा आणि पाठवा. मी तुमच्या नावानं त्याला फोनही केला होता, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. ते आज सांगतेय. रागवा, पण आईसमोर नको.

याचा अर्थ गुडघे सुटले असं नाही. डॉक्टरांनी दिलेला पट्टा खुंटीला लावण्यासाठी नसतो, पायाला लावायचा असतो. जिन्याला दुसऱ्या बाजूनं कठडा बसवून घ्यायचा, त्याचे पैसे मी पाठवतेय, ते बत्ताशांच्या मालात घालायचे नाहीत. आईचं कानाचं मशीन डब्यात आहे ते मला माहीत आहे. कोणत्या डब्यात तेही माहीत आहे. आणि दुपारी एक ते चार दुकान बंद, हे माझ्याकडून पक्कं. देव सुद्धा दुपारी पोशाख बदलतो, त्यालाही विश्रांती मिळते.

कार्तिकीला येतेय. आठ दिवसांची रजा टाकलीय, साहेबांनी तोंड वाकडं करून का होईना, मंजूर केलीय. जावईबापू दोन दिवस उशिरा येतील. माझ्या खोलीतल्या मावश्यांना हलवू नका, मी माळ्यावर झोपेन. दशमीला दुकानात मी बसते, बाबांनी नुसतं मागं खुर्चीत बसून भाव सांगायचे. वीस वर्षांत पुड्या बांधल्या नाहीत, दोरा दातानं तोडायचा की बोटानं हेही विसरलेय.

नातीचं एक काम आहे. तिला गल्ल्यावर बसायचंय, पण सगळा गल्ला नको म्हणते. फक्त ५० च्या नोटा तिच्याकडं द्यायच्या. तिला दिवसाला किती रथ येतात ते मोजायचंय.

तुमची,
ताई