रेघ परत आणल्याबद्दल आभार

ताई,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला आलो तर "अहो काका, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही उडवून लावलंत. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. इथे तरी तुम्हाला मला मध्येच थांबवता येणार नाही.

संस्थेच्या वार्षिक अहवालाची फाईल माझ्याकडे आली तेव्हा कार्यवाहांच्या मनोगताखाली ती आडवी रेघ आधीपासूनच ठाण मांडून होती. कोणीतरी तीन हायफन टाइप करून एंटर मारलं असणार आणि वर्डने आपणहून त्याची पानभर रेघ केली असणार, हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच दिसत होतं की ती क्लिक केल्याने निवडली जात नाही, बॅकस्पेसला दाद देत नाही, आणि तिच्या वर एंटर मारलं तर गुमान एक ओळ खाली सरकते. छपाईची तारीख डोक्यावर, आणि मी एका रेघेपुढे हतबल.

तुमच्याआधी मदतीला येऊन गेलेल्यांबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. नावं घेत नाही, ओळखणारे ओळखतील. एकाने फाईल पुन्हा पहिल्यापासून टाइप करा म्हणून सांगितलं आणि चहाला निघून गेला. दुसऱ्याने रेघेवर पांढरा चौकोन ठेवून दिला. "दिसत नाही ना आता? झालं तर मग." पुढे वरच्या मजकुरात दोन ओळी वाढल्या, चौकोन परिच्छेदाबरोबर घसरला आणि थेट खर्चाच्या एकूण रकमेवर जाऊन बसला. खजिनदारांचा चेहरा मी विसरणार नाही. तिसऱ्याने इतर विभागांखाली अंडरस्कोअर दाबून धरून रेघा ओढून दिल्या. समास बदलला तशी प्रत्येक रेघेची शेपटी पुढच्या ओळीत लोंबायला लागली.

या सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "सोपं आहे हो." ज्याचं अडलंय त्याला हे वाक्य किती लागतं, याची म्हणणाऱ्याला कल्पना नसते. सोपं असूनही तुम्हाला येत नाही, एवढाच त्याचा अर्थ ऐकू येतो. ताई, तुम्ही ते वाक्य एकदाही उच्चारलं नाहीत. मी लक्ष ठेवून होतो.

तुम्ही खुर्ची ओढून बसलात, स्क्रीनकडे बघितलंत आणि म्हणालात, "काका, ही रेघ नाहीच. वरच्या परिच्छेदाचा खालचा काठ आहे हा. लुगड्याचा काठ चिमटीत धरून उचलता येतो का?" माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी रेघेला पकडायला जात होतो आणि ती मालकीची होती वरच्या परिच्छेदाच्या. ती खाली का पळत होती तेही तुम्ही दाखवलंत. एंटर मारलं की नव्या परिच्छेदालाही तोच काठ मिळतो, आणि सारखा काठ असलेले दोन परिच्छेद लागोपाठ आले की वर्ड त्यांना एकच समजून शेवटच्याच्या खाली रेघ काढतं. म्हणजे रेघ हट्टी नव्हती, नियमाने वागत होती. हे कळल्यावर तिच्यावरचा माझा राग निम्मा उतरला.

मग कर्सर वरच्या परिच्छेदात, बॉर्डरच्या यादीत "नो बॉर्डर", आणि रेघ गेली. कुठली बटणं ते इथे लिहीत बसत नाही, कारण मला खरं जे सांगायचंय ते त्याच्या पुढचं आहे.

रेघ गेल्यावर तुम्ही उठला नाहीत. तुम्ही कंट्रोल-झेड दाबलंत. रेघ परत आली! माझा जीव वर-खाली झाला. तुम्ही माउस माझ्याकडे सरकवलात आणि म्हणालात, "आता तुम्ही घालवा." आणि मग, ताई, तुम्ही स्क्रीनकडे पाठ करून प्रिंटरवरचे कागद सारखे करत बसलात. ते कागद आधीच सारखे होते, मी पाहिलं होतं. माझा हात चुकीच्या जागी फिरताना कोणी बघू नये म्हणून तुम्ही ते केलंत. मला वेळ लागला. तुम्ही एकदाही वळून पाहिलं नाहीत. "जमलं" असं मी म्हटल्यावरच मान वळवलीत.

काम करून देणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांचेही उपकारच असतात. पण केलेलं काम स्वतःच्या हाताने मोडून, ते समोरच्याला करू देणारं माणूस मी नोकरीच्या अख्ख्या आयुष्यात क्वचित पाहिलं. आमच्या काळचे साहेब तर फाईलची गाठसुद्धा दुसऱ्याला सोडू देत नसत. आपल्याला येतं ते दुसऱ्याला आलं तर आपली किंमत कमी होईल, ही भीती माणसाला कंजूष करते. तुमच्यात ती औषधालाही नाही.

त्या दिवसानंतर माझी भीड चेपली, हे कळवायला हवं. तीन बरोबरच्या चिन्हांनी दुहेरी रेघ येते, तीन ताऱ्यांनी ठिपक्यांची, तीन अंडरस्कोअरनी जरा जाड, हे मी एका कोऱ्या फायलीत पोरासारखं करून पाहिलं. नको असली की लगेच कंट्रोल-झेड, म्हणजे नुसती चिन्हं उरतात. अहवालात मात्र यातलं काही ठेवलं नाही. तुम्ही जाता जाता म्हणाला होतात तसा काठ सगळ्या विभागशीर्षकांच्या स्टाइललाच, म्हणजे त्यांच्या सामायिक साच्यालाच, लावून टाकला. आधी पाव पॉइंटाचा घेतला होता. पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग, त्याचा पाव! पडद्यावर नाजूक दिसला, पण झेरॉक्सच्या झेरॉक्सवर पार गायब. मग एक पॉइंट केला. अध्यक्षांना तो निळा हवा होता, खजिनदारांना काळा, कार्यवाहांना दुहेरी. पूर्वी असतो तर राजीनामा दिला असता. आता एका जागी बदल केला की अहवालभर बदलतो, म्हणून तिघांनाही त्यांच्या त्यांच्या पसंतीची प्रत काढून दाखवली आणि शेवटी छापली काळी, एकेरी. मला तीच आवडली होती.

पुढच्या अहवालात तळटीपा येणार आहेत. तळटीपांवरची ती आखूड रेघ या काठांच्या जातीची नाही, ती बदलायला ड्राफ्ट दृश्यात जावं लागतं, असं तुम्ही म्हणाल्याचं आठवतंय. आधी मी स्वतः बघेन. अडलो तर येईन, आणि प्रिंटरवर थोडे कागद अस्ताव्यस्त करून ठेवेन, म्हणजे तुम्हाला तेवढं काम राहील.

आपला,
अहवालवाले काका